रागीचं काम

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर येतं. इथून एक वाट सरळ धमतरीकडे आणि पुढे बस्तरकडे जाते. दुसरी डावीकडे वळून राजिमला पोचते, महानदी, पैरी आणि सोंढूरच्या संगमावर. शंभरेक वर्षं इथं 'छोटी लाइन'ची गाडी धावत होती आणि अभनपूर तिचं जंक्शन होतं. गाडी इतकी संथ, की डब्यात बसलेल्या नाचा पार्टीची तालीम दोन स्टेशनांच्या मधे उरकायची, असं इथले म्हातारे सांगतात. आता रूळ रुंद झाले, 2025च्या मार्चअखेर रायपूरची मेमू सुरू झाली. तालमीला तेवढा वेळ उरला नसावा.

याच अभनपूरच्या एका चहाच्या टपरीवर मी एका नाचा कलावंताला गाठलं होतं. नाचा म्हणजे छत्तीसगढचा तमाशा म्हणा हवं तर. रात्रभर चालणारा, मैदानात उभा राहणारा. त्यात परी म्हणजे बाईचं सोंग घेणारा पुरुष, आणि जोक्कड म्हणजे आपला सोंगाड्या. हा गृहस्थ जन्मभर जोक्कड होता. मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारलं, "आपने शुरुआत कैसे की?" तो ताठ बसला आणि शासकीय अर्जात भरतात तशी माहिती सांगू लागला: जन्मगाव, गुरूचं नाव, किती प्रयोग, कुठलं प्रमाणपत्र, शेवटी कलाकाराचं जीवन म्हणजे संघर्ष. वीस मिनिटं हे चाललं. मधेच टपरीवाल्याने त्याला छत्तीसगढीत काहीतरी टोमणा मारला. त्याने मान न वळवता एक वाक्य टाकलं आणि बाकावरचे सगळे खो खो हसले. रेकॉर्डर चालूच होता. घरी आल्यावर मुलाखत उतरवून काढताना मी त्या जागी कंसात 'हशा' एवढंच लिहिलं.

तो कंस मला अजून छळतो. मुलाखत ज्याच्यासाठी घेतली होती ते सगळं त्या कंसात गेलं होतं.

कलावंतांशी सविस्तर बोलून त्यांचं काम समजून घेण्याची मराठीत मोठी परंपरा आहे. छत्तीसगढातही आहे, आणि या दोन प्रांतांचं नातं वाटतं त्याहून जुनं आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथं अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी कानावर पडते. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदीत पुस्तक-परीक्षणाची शिस्त रुजवणारे माधवराव सप्रे मराठीच. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं तेही त्यांनीच. तेव्हा हा आढावा दोन्हीकडचा मिळून घ्यायला हरकत नाही. माझी तक्रार मात्र आधीच सांगून टाकतो. गवयाला आणि लेखकाला आपण 'कसं करता?' असं विचारतो. तमासगिराला, महाभारताची कथा गाऊन सांगणाऱ्या पंडवानीवालीला, भिंतीवर मातीचं काम करणाऱ्या बाईला विचारतो 'किती सोसलंत?' एकाचं कसब नोंदलं जातं, दुसऱ्याचं दुःख.

कसब विचारण्याचा पाया संगीतात घातला गेला, आणि तो घालणारा माणूस वकील होता हा योगायोग नसावा. विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांसमोर आणि पंडितांसमोर बसले, आणि उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारत गेले. हा राग असाच का? हा स्वर इथं का नको? तुमच्या घराण्यात याचं चलन कसं? पुष्कळांना ते आवडलं नाही. पण गंमत पुढेच आहे. हे सगळं ग्रंथात मांडताना त्यांनी रूपही संवादाचंच घेतलं. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे मराठीतले चार भाग गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून चालतात. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे खैरागढला कुलगुरू झाले. तिथल्या राजघराण्याने आपला वाडा देऊन 1956 साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं होतं. म्हणजे मुंबईच्या एका वकिलाचे प्रश्न शिष्याच्या हातून छत्तीसगढच्या एका जुन्या संस्थानी गावात पोचले. त्या गावाच्या आसपास मात्र नाचाच्या पार्ट्या रात्रभर गात होत्या. त्यांना कोणी तसे प्रश्न विचारले नाहीत.

भातखंड्यांना हवा होता राग. बी. आर. देवधरांना माणूसही हवा होता. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या शाळेत गवयांचा राबता असे, आणि 'संगीत कला विहार'मधून त्यांनी लिहिलेली व्यक्तिचित्रं पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आली. देवधर स्वतः गायचे, शिकवायचे, आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास करायचे. म्हणून गवई त्यांच्याशी हात राखून बोलत नसत. गवयाचा तऱ्हेवाईकपणा ते चवीने सांगतात, पण तान कुठून निघाली हे विसरत नाहीत. याच वळणाचं, पण घरातल्या घरात झालेलं काम म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांचं आत्मकथन. खाँसाहेब सांगत गेले आणि नातू अज़ीज़ुद्दीन खाँ लिहीत गेले. त्याचं इंग्रजी भाषांतर 2000 साली आलं तेव्हा बाहेरच्या वाचकांना ते कळलं. आवाज बसला आणि त्या बसलेल्या आवाजातून नवी गायकी घडली, ही संगीतातली फार मोठी हकिगत. ती सांगायला समोर नातूच हवा होता. परक्यापुढे कोण कबूल करेल की माझी शैली माझ्या अडचणीतून निघाली?

कुमार गंधर्वांचं 'मुक्काम वाशी' हे तर गप्पांचंच पुस्तक. कुमारांचं बोलणं त्यांच्या गाण्यासारखं, मधेच तोडून दुसरीकडे उडी घेणारं. ते सरळ करण्याचा मोह टाळल्यामुळे पुस्तक जिवंत राहिलं. तिकडे भोपाळला भारत भवनातून निघणाऱ्या 'पूर्वग्रह'मध्ये अशोक वाजपेयी लांबलचक मुलाखती छापत होते. वाजपेयींचा जन्म दुर्गचा. त्या मुलाखतींतून 'साहित्य-विनोद' आणि 'कला-विनोद' ही पुस्तकं झाली. मराठी वाचकाला जयवंत दळवींच्या 'साहित्यिक गप्पा'ची सवय असते. दळवींच्या गप्पांत माणूस घरच्या कपड्यांत भेटतो, मिश्किली असते. वाजपेयींच्या टेबलावर जरा वैचारिक शिस्त. मला दोन्ही हवं असतं, पण खरं सांगायचं तर पुन्हा हातात येतात ते दळवीच.

आता दुसरी बाजू.

हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे मराठीतलं सगळ्यात गाजलेलं सांगितलेलं आत्मचरित्र. त्या बोलल्या, अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं, मग 1970मध्ये पुस्तक झालं, आणि 1977 साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला. पुस्तकात प्रश्न कुठेच दिसत नाहीत. बाई एकट्याच बोलताहेत असा भास होतो. इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनी नाव ठेवलं 'यू आस्क, आय टेल', म्हणजे 'तुम्ही विचारता, मी सांगते'. मूळ मराठीत गाळलेला विचारणारा त्यांनी शीर्षकात परत आणून बसवला! पुस्तकाची धार आजही बोथट झालेली नाही. पण नीट वाचलं तर जाणवतं, की या बाई कॅमेऱ्यापुढे काय करायच्या, लावणीतली नजर आणि सिनेमातली नजर यांत त्या काय फरक करायच्या, याबद्दल फार थोडं हाती लागतं. त्यांना ते सांगता आलं नसतं असं मला वाटत नाही. विचारलं गेलं ते आयुष्य.

विठाबाई नारायणगावकरांचं तसंच. त्यांचं नाव निघालं की एकच प्रसंग पुढे येतो: प्रयोग चालू असताना पोटात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. प्रसंग खरा आहे, थक्क करणारा आहे, आणि हजार वेळा सांगितला गेला आहे. योगीराज बागुलांनी त्यांचं आयुष्य पुस्तकात मांडलं हे मोठंच काम. पण वर्तमानपत्रातल्या कुठल्याही मुलाखतवाल्याने त्यांना, समोरचा फड उठायच्या बेतात असताना लावणीची लय कशी बदलायच्या, हे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. प्रेक्षक काबूत ठेवणं ही विठाबाईंची विद्या होती. तिचा उल्लेख आपण 'अदाकारी' या एका शब्दात उरकतो, तोही कंसच.

छत्तीसगढात या जागी पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई आहेत. जन्म 1956चा, पारधी समाजातला, भिलाईजवळच्या गनियारीचा. तेराव्या वर्षी पहिलं गायन, बाई उभं राहून गाते म्हणून समाजाने टाकलं, पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीरांची नजर गेली, आणि मग पद्मश्रीपासून 2019च्या पद्मविभूषणापर्यंतचा प्रवास. कोणतीही मुलाखत उघडा, क्रम हाच. त्यातला कळीचा मुद्दा मात्र पुष्कळदा एका ओळीत संपतो. पंडवानीच्या दोन तऱ्हा आहेत. वेदमतीत बसून, सबलसिंह चौहानांच्या महाभारताला धरून गायचं. कापालिकात उभं राहून, मनातल्या गोष्टीला धरून. बायका गायच्या त्या बसून. तीजनबाई उभ्या राहिल्या आणि हातातल्या तंबुऱ्याची कधी गदा झाली, कधी धनुष्य, कधी दुःशासनाचा हात. उभं राहिल्यावर श्वास कुठे घ्यायचा? तंबुरा खांद्यावर असताना सूर कसा सांभाळायचा? लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या डोक्यात एवढं पर्व कुठल्या खुणांनी साठवलेलं असतं? कापालिक शैली म्हणजे हेच प्रश्न.

आणखी एक गोष्ट. तीजनबाई पंडवानी शिकल्या त्या आजोबांकडून, आईच्या वडिलांकडून. भरथरी गाणाऱ्या सुरुजबाई खांडे यांचंही तेच, त्याही आईच्या वडिलांकडे शिकल्या. भरथरी ही जोग्यांची, पुरुषांची सारंगीवरची गाथा. सुरुजबाई ती घेऊन रशियापर्यंत गेल्या आणि पोटासाठी कोळसा कंपनीत चौथ्या श्रेणीची नोकरी करत राहिल्या. 2018 साली त्या गेल्या तेव्हा बातम्यांचा सूर एकच होता, पद्म मिळालं नाही. ते चूक नाही. पण पुरुषांची गाथा मुलीच्या मुलीकडे जाते, मुलाच्या मुलाकडे जात नाही, हे दोनदा घडलेलं दिसतं तेव्हा तिथं थांबायला नको का? आजोळची सुट्टी, आजोबांच्या मांडीवरची मोकळीक, सासरच्या नियमांच्या आधीचं वय, यांत काही उत्तर असेल. नसेलही. 'नाना से सीखा' एवढं लिहून पुढच्या पुरस्काराकडे जाणाऱ्याला ते कळणार नाही.

पंडवानीतच या सगळ्यावरचा उपाय उभा असतो, गायकाच्या शेजारी. त्याला रागी म्हणतात. रागी हुंकारू देतो, आश्चर्य करतो, मधेच विचारतो: मग? भीम काय म्हणाला? असं कसं? त्याला कथा पाठ असते, तरी तो न कळल्यासारखं विचारतो. प्रश्नाची वेळ चुकली तर गायकाचा डाव मोडतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी सुरात साथ देतो, गणगौळणीतला सोंगाड्या प्रश्न विचारतो. रागी दोन्ही करतो. मुलाखत घेणाऱ्याने हे शिकायला परदेशी शाळेत जायची गरज नव्हती. माणूस गनियारीच्या रंगमंचावर बसलेला होता.

छत्तीसगढी कलावंतांपुढे असा रागी होऊन बसलेला एकजण होता, हबीब तनवीर. जन्म रायपूरचा, 1923चा. मुंबईत इप्टा, मग इंग्लंडात नाट्यशिक्षण. 1958 साली त्यांनी नाचाचे सहा नट दिल्लीला नेऊन 'मिट्टी की गाडी' केलं. ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम, मदनलाल असे एकेक अस्सल नट. आणि मग दहा-बारा वर्षं काहीतरी चुकत राहिलं. नट आपल्या गावात वाघासारखे खेळत, तनवीरांच्या नाटकात लाकडी होत. कारण शोधायला त्यांना सत्तरचं दशक उजाडावं लागलं. एक, ते या नटांना हिंदी बोलायला लावत होते. दोन, ते त्यांना इंग्रजी पद्धतीने इथून तिथे चाल, तिथे वळ असं आखून देत होते. नाचाचा नट प्रेक्षक असेल तिकडे वळतो. त्याला डावं-उजवं आखून दिलं की तो वाक्य विसरतो. 1973च्या रायपूरच्या नाचा शिबिरात त्यांनी दोन्ही हट्ट सोडले, नटांना छत्तीसगढीत मोकळं सोडलं, आणि 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद' उभं राहिलं. 1975चं 'चरणदास चोर' आणि 1982चा एडिंबरा महोत्सवातला पुरस्कार हे त्याचं पुढचं फळ.

तनवीरांनी ही चूक लपवली नाही. 'सीगल थिएटर क्वार्टर्ली'ला 1996मध्ये दिलेल्या दीर्घ मुलाखतीत आणि अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या कामाचा हिशेब मांडला आहे. सुधन्वा देशपांडे आणि संजय महर्षी यांनी त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा नावही नाटकावरूनच घेतलं, 'गाँव के नाँव थिएटर, मोर नाँव हबीब'. दिग्दर्शकाच्या मुलाखतीचा हा नमुना मराठीतल्या नाट्यअभ्यासकांनी जवळ ठेवावा असा आहे. एवढंच, की आपल्याला या कामाची हकिगत हबीबसाहेबांच्या तोंडून पानंच्या पानं मिळते आणि भुलवारामच्या तोंडून फार थोडी. फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर या त्यांच्या नटांशी बोललं गेलं ते बरंचसं 'हबीबसाहेब कसे होते?' एवढ्यासाठी. निर्मलकरांना 2009मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चरणदास चोर करणारा नट म्हणून त्यांची ओळख करून दिली गेली. चोराचं चालणं त्यांनी कुठून उचललं, कुठल्या गावकऱ्याचं होतं, हे विचारायला तेव्हाही वेळ होता.

काही कलावंत बोलतच नाहीत, त्यांचं काय करायचं? सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार कितीतरी वर्षं घराच्या भिंतींआड जवळजवळ एकांतात होत्या. तिथं त्यांनी मातीच्या जाळ्या, पक्षी, माणसं करून घर भरून टाकलं. 1983च्या सुमाराला भारत भवनाची माणसं पोचली, राष्ट्रीय पुरस्कार आला, परदेशवाऱ्या झाल्या. सोनाबाई मोजकंच बोलायच्या. इकडे डहाणूच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलायचे थांबले होते, धुळीत रेघा काढून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. अशा माणसांपुढे 'आपली प्रेरणा काय?' हा प्रश्न म्हणजे निव्वळ उद्धटपणा. इथं मुलाखत हातांची घ्यायची असते: माती कुठली, तूस किती, बांबूची कामटी कशी वळवली, चुकली तर काय केलंत. हे प्रश्न विचारले की न बोलणारी माणसंही उठून दाखवायला लागतात. शहरी चित्रकारांचं वेगळं. गायतोंडेंचं मौन ही एक पदवीच झाली, आणि 'चिन्ह'सारख्या नियतकालिकाने त्या मौनाभोवती कितीतरी पानं निष्ठेने उभी केली. सोनाबाईंच्या मौनाला तसा संपादक लाभला नाही. त्यांच्यावर मोठं पुस्तक केलं ते स्टीफन हायलर या अमेरिकन अभ्यासकाने.

या सगळ्या चर्चेला तात्त्विक टेकू हवा असेल तर तोही इथूनच मिळतो, आणि मराठी घरातून. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध त्यांचे धाकटे भाऊ. 'एक साहित्यिक की डायरी'तल्या 'तीसरा क्षण' या लेखात निवेदक आणि त्याचा मित्र केशव नुसते बोलत बसतात. त्या बोलण्यातून कलेचे तीन क्षण निघतात. पहिला, जगण्यातल्या तीव्र अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे एखाद्या कल्पनाचित्रासारखा उभा राहण्याचा. तिसरा, ते चित्र शब्दांत उतरवायला लागल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा. आणि शब्दांत उतरताना ते बदलतं. मुक्तिबोधांनी हे निबंधात न सांगता गप्पांत सांगितलं, कारण केशव हटकून विचारतो, अडवतो. केशव हा रागीच.

या तीन क्षणांची फूटपट्टी लावून पाहिली की आपल्या बहुतेक लोककलावंतांच्या मुलाखती पहिल्या क्षणावरच अडकलेल्या दिसतात. दुःख सांगा, संपलं. मूळ सुटून चित्र कधी झालं आणि ते चित्र गाताना, नाचताना कसं बदललं, तिथपर्यंत कोणी जात नाही. लेखकांच्या बाबतीत आपण जातो. राजनांदगावातच मुक्तिबोधांना भेटलेला एक तरुण, विनोदकुमार शुक्ल, पुढे रायपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवत लिहीत राहिला. 2025मध्ये त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं, छत्तीसगढचं पहिलं. अचल मिश्रच्या 'चार फूल हैं और दुनिया है' या माहितीपटात शुक्ल आपल्या घरात हळू आवाजात बोलतात आणि कॅमेरा थांबतो, वाट पाहतो. त्यांची वाक्यं मधे अडतात, ती अडखळण कापलेली नाही. एका जोक्कडसाठी असा कॅमेरा कोणी इतका वेळ थांबवेल का? दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर हल्ली मुलाखतींचा पूर आहे. त्याबद्दल एवढंच म्हणतो, की लांबी म्हणजे खोली नव्हे आणि 'थोडक्यात सांगा' म्हणणाऱ्याने तमासगिराला बोलावूच नये.

भाषेचा प्रश्न शेवटी राहतोच. छत्तीसगढीत बोलण्याला 'गोठियाना' म्हणतात, बोलणं म्हणजे 'गोठ'. आपली 'गोष्ट' आणि त्यांची 'गोठ', दोघी एकाच 'गोष्ठी'च्या लेकी. हिंदीत मुलाखत म्हटली की इथला माणूस साक्षीदारासारखा उभा राहतो. गोठ म्हटलं की मांडी घालून बसतो. महाराष्ट्रातही आदिवासी पाड्यावर प्रमाण मराठीत प्रश्न टाकले की हेच होतं, फक्त आपल्या लक्षात येत नाही, कारण तिथं उर्मट भाषा आपली असते.

मध्यंतरी मी अभनपूरची ती ध्वनिफीत पुन्हा ऐकली. या वेळी उतरवून घ्यायला नाही, नुसती ऐकायला, शेजारी छत्तीसगढी कळणारा मित्र घेऊन. टपरीवाल्याचा टोमणा कळला: म्हातारपणी परीचा पदर सोडवत नाही की काय? जोक्कडचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही. त्या उत्तराआधी त्याने चहाचा घोट घेतला होता, तो आवाज फितीवर स्पष्ट आहे. घोट, थोडी शांतता, मग वाक्य. हशा ओसरल्यावर टपरीवाला म्हणतो, "फेर?" आणि जोक्कड सांगू लागतो: कुठल्या गावात हे वाक्य चाललं, कुठल्या गावात मार खाता खाता वाचला, बायका पुढे बसल्या असतील तर त्यातला कोणता शब्द बदलायचा. मधे मधे टपरीवाल्याचं "फेर?" चालूच. चार मिनिटं आणि काही सेकंद. त्यानंतर फितीवर माझा आवाज येतो, घसा खाकरून, "तो, आपको पुरस्कार कौन-कौन से मिले?"